गंजांचं बुकिंग

१४ मेची गोष्ट. दोन दिवसांवर पुतणीचं लग्न आलं होतं, आणि माझ्याकडे अक्षता रंगवायचं काम आलं. तांदळाला तेलाचा हात लावायचा, कुंकू टाकून सुपात चोळायचं आणि जुन्या लुगड्यावर सावलीत पसरायचं. काम सोपं आहे, फक्त हात लाल होतात आणि लाल हातांनी लॅपटॉपला शिवता येत नाही. मला मात्र शिवावं लागत होतं. पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची साइट त्याच दिवशी नव्या सर्व्हरवर हलवायची होती. मग डाव्या हातानं तांदूळ चोळायचे आणि उजव्या हाताची दोन बोटं पुसून तेवढीच कीबोर्डवर चालवायची, असं ठरवलं. तरी एंटरचं बटण लाल झालंच.

मोठी जाऊ समोर बसून सुपाऱ्या मोजत होती. आम्ही तिला ताई म्हणतो. लग्न तिच्या मुलीचं. माझा नवरा आणि भासरे, म्हणजे ताईचे यजमान, मंडपवाल्यांच्या मागे होते, म्हणजे घरात शांतता होती.

मी मारेगावात राहून वेबसाइटी बनवते. सासरचं गाव तिथून स्कूटीनं जवळच आहे, तिथं आमचं वावर, म्हणजे शेत आहे, त्यामुळे येणंजाणं असतं. पंचेचाळिशी ओलांडली. लग्नानंतर यवतमाळला जाऊन एक कोर्स केला होता. तिथं शिकवलेलं आता काहीच चालत नाही. एकच गोष्ट चालते. आमचे सर म्हणायचे, स्क्रीनवर चूक दिसली की आधी ती नीट वाचा, मग घाबरा. बहुतेक वेळा वाचून झालं की घाबरायची गरज राहत नाही.

हत्यारांचं मला वेड नाही. माझ्या कामातली तरुण मुलं एडिटरचे रंग निवडण्यात दिवस घालवतात, दर महिन्याला नवीन काहीतरी टाकून पाहतात. मी विळी निवडते तशी हत्यारं निवडते. धार हवी, हलायला नको, बस्स. हल्ली कोड लिहून देणारं यंत्रही वापरते. लपवायचं काही कारण नाही. पूर्वी ज्या कामाला दोन संध्याकाळी जायच्या ते आता चहा होईपर्यंत होतं. लोक विचारतात, मग तुमचं काय उरलं? मी सांगते, काय मागायचं ते ठरवणं उरलं, आणि जे आलं ते गिऱ्हाइकाच्या घरात चालेल का ते पाहणं उरलं. माझ्या मते आधीही कामाचा तेवढाच भाग अवघड होता.

आमच्या गावातल्या भांड्यांच्या बुकिंगचं वेबपान मी असंच एका रविवारी बनवलं होतं. गावानं वर्गणी काढून घेतलेली मोठी भांडी आहेत. गंज, म्हणजे अख्ख्या पंगतीची भाजी एकदम शिजेल असली पातेली. शिवाय कढया, पराती, सराटे, झारे. प्रत्येक भांड्याच्या पोटावर छिन्नीनं गावाचं नाव ठोकलेलं. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ती असतात आणि किल्ली एका काकांच्या कमरेला असते. लग्न असो, बारसं असो, ज्याला लागतील तो काकांना सांगून नेतो. काका दिवसभर वावरात. लोक त्यांना शोधत बांधाबांधानं फिरत. कधी दोघांना एकाच दिवसाचा हो देऊन काका मोकळे होत आणि मग भांडण. ते भांडण एकदा आमच्या ओट्यावर झालं, म्हणून मी ते पान बनवलं. दिवस निवडा, भांडी रिकामी असतील तर हिरवं, नसतील तर लाल. ना फोटो, ना नक्षी, कारण गावात नेट रडतखडत चालतं, एक धड काडी येते तीही पाण्याच्या टाकीजवळ. पान पटकन उघडायचं. काकांना फार आवडलं होतं. विशेषतः लाल.

तर मी अक्षता चोळत होते आणि काका अंगणात आले. हातात मोबाइल, चेहऱ्यावर आनंद.

"सूनबाई, तुमचं काम एकदम पक्कं हाय," खाटेवर टेकत ते म्हणाले. "गंज, कढया, पराती, समदं तुमच्या नावावर. कोणी हात लावू शकत नाही."

"कोणी मागितले होते का, काका?" मी सहज विचारलं.

"मांगतलेच ना! कोपऱ्यावरच्या घरचा आलता, बापाच्या तेरवीसाठी. परवाचीच हाय. म्या मोबाइल काढला अन् त्याले लाल दाखवलं. म्हटलं, पाह्य बाबू, कंप्युटर नाही म्हणते. माह्या हातात काही नाही."

ताईच्या सुपाऱ्या मोजायच्या राहिल्या.

"काका, तुमी तेरवीले नाही म्हटलं?"

"म्या नाही. कंप्युटरनं."

"कधी आलता थो?"

"झाले असतीन पाच-सहा दिवस."

"अन् आमाले आज सांगून राह्यले तुमी? मले वाटलं त्यायले भांडी लागतच नसतीन."

"तुमचं तर पक्कं होतं," काका म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. "तुमाले कायले सांगू?"

ताईनं सुपाऱ्यांची पिशवी बाजूला सारली. "मंग त्यायनं भांडी कुठून केली?"

"वणीले पाह्यली, मारेगावले पाह्यली. लगनसराई हाय, बिछायतवाल्याकडं भाड्यानं द्याले काही उरलं नाही. आता घरच्यापुरतीच तेरवी करतो म्हणे."

मग ताईनं मला समजावलं. काकांसमोरच, जोरात, म्हणजे दोघांनाही ऐकू जावं. आमच्या गावात तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, भांडी नाही म्हणायची पद्धत नाही. लग्नाची तारीख महिनामहिना आधी ठरते, मरणाची कोणी ठरवत नाही. दोन्ही एका दिवशी आली तर लग्नघरानं दुसरीकडून भांडी पाहायची. मी या गावात आल्यापासून असा प्रसंग एकदाही आला नव्हता, त्यामुळे मला हे माहीत नव्हतं. पान बनवताना मी चार जणांना विचारलंही होतं, नियम काय आहेत म्हणून. त्यांनी सांगितले होते, भांडी घासून द्यायची, पोचा आला तर भरून द्यायचा. हे कोणी सांगितलं नाही, कारण हा नियम आहे असं कोणाला वाटतच नव्हतं. आणि काकांना तर माहीत असणारच, पण लाल रंगासमोर त्यांना ते आठवलं नाही. मोबाइलवर आलं म्हणजे ते वरून आलं, असं त्यांनी धरलं.

"त्या म्हाताऱ्यानं साऱ्या गावाच्या पंगती वाढल्या," ताई म्हणाली. "माह्या लग्नात भट्टीजवळून हालला नाही थो. त्याच्या तेरवीले गाव जेवनार नाही, अन् त्याच दिवशी माह्या पोरीचं लग्न त्याच गंजात शिजन? उद्या हळद हाय. कोण येईन वं माह्या मांडवात?"

तिचं म्हणणं खरं होतं. आमच्याकडे लग्नात वाढायला, पाणी द्यायला, वरातीला उतरवून घ्यायला गल्लीच लागते. त्यासाठी माणसं बाहेरून आणत नाहीत. तेरवी दुपारी, लग्न संध्याकाळी. मन साफ असतं तर गल्ली दोन्हीकडे उभी राहिली असती. आता सगळे कोपऱ्यावरच्या घराकडे पाहून ठरवणार होते. आणि आमच्या घराबद्दल काय बोलत असतील ते मला सांगायची गरज नव्हती. पान मी बनवलेलं आणि लग्न आमच्या घरचं.

मी आधी सोपा उपाय सुचवला. "ताई, तेरवी दुपारी आटोपते. घासून आणली तर संध्याकाळी लग्नाला—"

"बोलली ते बोलली," ताई म्हणाली. "बाहेर नको बोलू."

तेरवीची भांडी राखेनं घासून, एक दिवस उन्हात पालथी घालून मगच दुसऱ्या कार्याला जातात. हेही मला तेव्हाच कळलं. मी मनात नोंद केली की दिवस मोजायची पद्धतही चुकली आहे. तेरवीला दोन दिवस धरायला हवेत.

चूक कुठं झाली ते मला लगेच दिसलं. मी यंत्राला सांगितलं होतं, काही वस्तू आहेत, लोक त्या दिवसाच्या हिशेबानं नेतात, एका दिवशी एकालाच. त्यानं लिहून दिलं. कोड साफ होता, तपासला तेव्हा एकही खोट सापडली नव्हती. सापडणार कशी? त्यानं आमच्या गंजांना हॉटेलच्या खोल्या समजलं होतं. जो आधी आला त्याची खोली, दुसऱ्यानं दुसरं हॉटेल पाहावं. जगात असले हजारो कोड लिहिले गेले असतील, त्यातलाच एक त्यानं मला दिला. आणि तपासताना मीही खोल्याच पाहत होते. गंज डोळ्यासमोर आणला असता तर त्याच्या पोटावरचं गावाचं नावही दिसलं असतं.

चूक सापडली की मला बरं वाटतं. हा माझा स्वभाव आहे. लोक चुकीचं तोंड लपवतात, मी तिला उजेडात ओढते, कारण दिसली म्हणजे अर्धी गेली. हात धुतले, लॅपटॉप उचलला आणि टाकीजवळच्या ओट्यावर जाऊन बसले. दुरुस्ती लहान होती. बुकिंग करताना कारण विचारायचं. कारण तेरवी असेल तर ती लग्नाच्या वर. त्या दिवशी लग्न असेल तर ते आपोआप सुटेल. तेरवी दोन दिवस धरायची. यंत्राला या वेळी नीट सांगितलं, त्यानं नीट दिलं, मी ओळ न ओळ वाचली, चाचण्या लावल्या आणि चढवलं. परवाच्या तारखेवरून आमच्या घराचं नाव गेलं आणि कोपऱ्यावरच्या घराचं आलं. पुण्याच्या गिऱ्हाइकाची साइटही तोवर हलली होती. एका दुपारी दोन कामं. मी स्वतःवर खूश होते.

काकांना दाखवलं. "झालं?" ते म्हणाले. "मंग चला, आता त्यायले सांगू."

कोपऱ्यावरच्या घरी ओट्यावर मुलगा बसला होता, डोक्याचे केस नुकते काढलेले. आम्हाला पाहून तो उठला आणि "बसा" म्हणून पाणी आणायला आत गेला तो परत आलाच नाही. सून बाहेर आली. माझ्याच वयाची आहे. या गावात ती माझ्या बरीच आधी आलेली. हातात डाळ पाखडायचं सूप होतं. ते तिनं खाली ठेवलं नाही.

"घ्या बाई," काका म्हणाले, "तुमचं काम झालं. कंप्युटरनं तुमचं नाव लावलं."

"सकाळपर्यंत त्यायचं होतं ना?"

"सूनबाईनं बदललं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे तुमच्याच हातात होतं. तवाही अन् आताही."

"नियम चुकला होता," मी म्हटलं. "दुरुस्त केला."

"कोणता नियम?"

"गावाचा. तेरवी आधी."

"असा नियम कोणी केला?" ती म्हणाली. डाळ पाखडायला तिनं सुरुवात केली. आवाज चढलेला नव्हता. "माह्या लग्नाच्या वक्ती असंच झालतं. तुमी या गावात यायच्या आधीची गोष्ट. वरल्या आळीत माणूस गेला होता. मामंजीनं गंज सोडले. कोणी त्यायच्या हातून काढले नाही, काढा म्हटलंही नाही. सोताच्या डोक्यावर नेऊन त्यायच्या अंगणात ठेवले. मंग आमच्या मांडवात वरली आळी आख्खी आली. आता तुमी म्हणता बटन दाबलं अन् तुमचं सुटलं, आमाले भेटलं. घ्या म्हणता."

"घ्या तर," मी म्हटलं. मला अजून कळलं नव्हतं.

"मशिनीच्या उपकारावर मामंजीची तेरवी नाही करत मी. घरच्यापुरतं ठरलं हाय, तेवढंच करतो. तुमी लग्न पाहा. पोरगी आमचीही हाय, तिचं काही वाईट नाही चिंतत." आणि मग, सूप झटकत: "चहा ठेवू काय काका?"

काका "नको नको" म्हणाले आणि आम्ही परत निघालो. वाटेत काका मोबाइलकडे पाहत राहिले. "हिरवं होऊनही घेत नाही म्हंजे कमाल हाय," ते म्हणाले. "कंप्युटर हो म्हणते अन् बाई नाही म्हणते."

घरी ताईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"बरोबर बोलली थे."

"काय बरोबर? भांडी त्यांनाच दिली ना?"

"कोणी दिली? मी दिली काय? मले वाटलं तू जाऊन बोलली असशीन, ताईनं धाडलं म्हणून. तू तर ओट्यावर बसून बटन दाबून आली."

टोमणा जागेवर बसला. मी पहिल्यांदा पान लिहिलं तेव्हा त्यात नकार पक्का केला होता. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा होकार पक्का केला. दोन्ही वेळा ताईच्या हातात काही उरलं नव्हतं. तिला भांडी द्यायची होती, आणि माझ्या कोडनं ती तिच्याकडून काढून घेतली होती. काढून घेतलेलं दिलं असं कोण मानेल?

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात मला बोलवलं होतं. तिथल्या एका मुलीनं विचारलं, कोड लिहिणं ही कला आहे का. मी म्हटलं, असेल, पण माझा सगळा वेळ ती चालू ठेवण्यात जातो. मुली हसल्या. आज विचारलं तर वेगळं सांगेन. सगळ्या गोष्टींचा नियम करता येतो, आणि यंत्र तर तो मागायच्या आत करून देतं. कुठली जागा रिकामी सोडायची हे मात्र ते सांगत नाही. ते माणसाला ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्या अंगणात जाऊन यावं लागतं. मी जाऊन आले होते. आता ते लिहायचं होतं.

पण आधी भांड्यांचं पाहायचं होतं, कारण लग्न परवा होतं आणि आमच्याकडे आता एक सराटासुद्धा नव्हता. ते ताईनं केलं. शेजारच्या तांड्यावरची एक बाई तिची जुनी मैत्रीण. दोघींची वावरं लागून आहेत. तांड्याची स्वतःची भांडी आहेत. मी पान बनवलं तेव्हा त्यांनाही विचारलं होतं, तुमचीही टाकू का म्हणून, आणि त्यांनी साफ नाही म्हटलं होतं. ताईनं फोन लावला. तिचा फोन नेहमी स्पीकरवरच असतो.

"राम राम वं. भांडी पाह्यजे परवा. तांड्याची."

"काहून? तुमच्या मोबाइलात हायेत ना भांडी," पलीकडून आवाज आला. "मोबाइलात शिजवा."

"बह्यताड, मस्करी नको करू. तेरवी हाय कोपऱ्यावरची."

"त्या म्हाताऱ्याची? मंग तुमचे गंज तिकडं जातीन."

"हाव."

"तुही देरानी हाय काय तिथं? मोबाइलवाली?"

"हाय ना. ऐकून राह्यली."

"तिले म्हणा, आमची भांडी तिच्या पानात नाही घालाची. आमची तोंडानं मांगा लागते."

"तोंडानंच मांगून राह्यलो ना मी. दे."

"ने. उद्या दुपारी गाडी धाड. पण जेवाले सारा तांडा येईन, सांगून ठेवतो."

"ये ना. तुले कोण नाही म्हणते!"

फोन ठेवून ताई म्हणाली, "झालं," आणि सुपाऱ्या पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

मी टाकीजवळ गेले. दुपारी घातलेला नियम काढून टाकला. काढून टाकायला एक मिनिट लागत नाही, हे या धंद्यातलं मला सगळ्यात आवडतं. वावरात चुकीचं पेरलं तर हंगाम जातो. परवाच्या तारखेवर आमच्या घराचं नाव परत आणलं. मग लाल रंग काढला. आधी घेतलेल्या तारखेवर आता लाल येत नाही, नकार येत नाही. ज्यांनी भांडी घेतली त्या घराचं नाव येतं आणि खाली एकच ओळ: बोलून पाहा. ती दाबली की त्या घरी फोन लागतो. आणि ज्याच्या नावावर बुकिंग आहे त्यालाच एक बटण दिसतं. त्यावर लिहिलंय 'सोडलं'. ते काकांना दाबता येत नाही, मलाही येत नाही. तेरवी वर की लग्न वर, हे पानात कुठंच नाही. यंत्रानं दोनदा सुचवलं की प्राधान्याचा नियम घालू का. मी दोनदा नाही म्हटलं. तेरवीचे दोन दिवस मात्र ठेवले. उन्हात पालथी घालायला वेळ लागतोच.

काकांना नवीन पान दाखवलं तेव्हा ते नाराज झाले.

"लाल कुठं गेलं?"

"काढलं."

"मंग कोणी आलं तर मी काय दाखवू?"

"काही दाखवू नका, काका. त्यांच्या घरी जाऊन बोला म्हणा."

"हे तर पहिलेही होतं," ते म्हणाले. "मंग मोबाइल कायले पाह्यजे?"

"कोणाच्या घरी जायचं ते कळायला. आधी ते तुमच्या मागे बांधाबांधानं फिरायचे."

हे त्यांना पटलं, पण लाल त्यांना हवाच होता. मी त्यांच्यासाठी गावाच्या नावाची अक्षरं लाल केली. गिऱ्हाइकाचं थोडं ऐकावं लागतं.

ताईला बटणाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "दाबीन, पण उद्या. पहिले भांडी जाऊ दे." राहिलेल्या अक्षता मी दिवा लागायच्या आत पुऱ्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, हळदीच्या दिवशी, आम्ही दोघी समाजमंदिरात गेलो. काकांनी कुलूप काढलं. भासऱ्यांनी मंडपवाल्याचा टेम्पो देऊ केला होता. ताई नाही म्हणाली. सगळ्यात मोठा गंज आम्ही दोन कड्यांना धरून उचलला. डोक्यावर घेण्याइतकी मान आता दोघींचीही राहिली नाही. पाच घरं ओलांडायची होती, पण त्यात दोनदा खाली ठेवावा लागला. ओट्याओट्यांवर बायका उभ्या राहून पाहत होत्या. एकीनं विचारलं, "कुठं नेऊन राह्यल्या वं? लग्न तर तुमच्या घरी हाय ना?" ताईनं मानेनं कोपरा दाखवला आणि चालत राहिली.

कोपऱ्यावरच्या घरची सून अंगणात सडा टाकत होती. आम्ही गंज तिच्यासमोर ठेवला. ताई म्हणाली, "हे माह्याकडून." दम लागला होता.

सुनेनं बादली खाली ठेवली. गंजाकडं पाहिलं, मग ताईकडं, मग माझ्याकडं.

"इथं नका ठेवू," ती म्हणाली. "चूल मांगच्या अंगणात लावून राह्यलो." आणि पदर खोचून तिनं माझ्या बाजूची कडी धरली.

मी कडी सोडली आणि कढया आणायला परत गेले.